भेगांतली माती

बाई रुग्णाच्या चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी पाहत. तातडीच्या विभागात एखादा म्हातारा किंवा म्हातारी आणली गेली, की सिस्टर ऑक्सिजन आणि सलाईन घेऊन डोक्याकडे धावत आणि बाई खाटेच्या पायथ्याशी जात. चादर वर सारून त्या दोन्ही तळपाय हातात घेत, टाचेवरून अंगठा फिरवत, बोटांच्या बेचक्या उघडून पाहत. नाडी, छाती, बाकीचे सगळे त्यानंतर. नवख्या नातेवाइकांना हा प्रकार विचित्र वाटे. "छातीत दुखतंय वो त्यांच्या, पायाला काय झालं न्हाई," असे कोणीतरी हमखास सांगे. बाई मान वर न करता म्हणत, "छाती कुठं पळून जात नाही. आधी पाय काय म्हणतात ते ऐकू द्या." पंचक्रोशीत त्यांना 'पायवाल्या बाई' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर होते आणि त्यांना ते मुळीच खटकत नसे.

शिरूरजवळ, हमरस्त्याला लागून असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली होते. नव्वदचे दशक सरत आले होते. शिक्रापूरकडून येणारे ट्रक आणि कारेगावच्या खोल्यांतून कारखान्यांकडे सुटणाऱ्या मोटारसायकली यांच्यामधली टक्कर हा आमच्या विभागाचा रोजचा धंदा होता. मी नुकतीच एमबीबीएस झाले होते, पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करत होते, आणि मला भरपूर रुग्ण पाहायचे होते. बाई विभागाच्या प्रमुख होत्या. दौंडच्या रेल्वे वसाहतीत त्या वाढल्या. आगगाडीच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची सवय त्यांना तिथे लागली आणि पुढे ती कधी सुटली नाही. लग्न केलेले नव्हते. साडी टाचेच्या बरीच वर, पायात पुरुषी चामडी चपला. आम्हा शिकाऊ मंडळींना त्या नावाने हाक मारत नसत. "डॉक्टर" म्हणत, आणि त्या शब्दात कौतुकापेक्षा तंबी जास्त असे.

पाय पाहण्यामागचे तर्कशास्त्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावले. महिनोन् महिने अंथरुणात असलेल्या माणसाची टाच मऊ पडते, कातडी तान्ह्या मुलासारखी गुळगुळीत होते. शेतात, माळावर, ओट्यावरून विहिरीवर हिंडणाऱ्याची टाच फुटलेली असते आणि त्या भेगांमध्ये त्याचा दिवस साठलेला असतो. "दवाखान्यात न्यायचं म्हणून लोक म्हाताऱ्याला अंघोळ घालतात, नवं धोतर नेसवतात, उचलून आणतात. चालवत आणलं तर गाव काय म्हणेल? आणि आपण उचलून आणलेला माणूस बघतो आणि धरून चालतो की हा उचलावाच लागतो. पण अंघोळीनं भेगांतली माती निघत नाही, डॉक्टर." ही केवळ सुरुवात आहे, पुरावा नव्हे, हेही त्या लगेच बजावत. पायात पायमोजे घालणारी माणसे असतात, रोज टाच घासणारीही असतात. पाय फक्त इतके सांगतात, की नातेवाइकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की आणखी खोदून विचारायचे.

खोदून विचारण्याची त्यांची पद्धतही स्वतःची होती. "आजोबांची तब्येत एरवी कशी असते?" हा प्रश्न त्यांनी बाद ठरवला होता, कारण त्याचे उत्तर 'बरी' याखेरीज काही येत नाही. त्या विचारत, "मागच्या बाजाराला गेले होते का? कसे गेले? येताना पिशवी कोणी उचलली?" जो आठवड्याच्या बाजाराला चालत गेला आणि स्वतःची पिशवी स्वतः घेऊन आला, तो आज खाटेवर बरळत असला तरी आतून भक्कम आहे, त्याच्यासाठी जिवाचे रान करायचे. जो गेला पण पिशवी नातवाने आणली, त्याला जपून हाताळायचे. ज्याने बाजार पाहून दोन दिवाळ्या उलटल्या, ज्याला न्हाणीपर्यंत हाताला धरून न्यावे लागते, त्याला आपल्या सुयांनी आणि नळ्यांनी फायदा होण्यापेक्षा इजाच होण्याचा संभव. म्हातारे माणूस आतून किती भक्कम आहे हे मोजायला आज जगभर पायऱ्या आखलेल्या आहेत, त्यांना क्रमांक आहेत, त्या मी परीक्षेत पाठ म्हणून दाखवल्या. त्यांपैकी एकही पायरी मला बाईंच्या पिशवीइतकी स्वच्छ दिसलेली नाही.

आणि हा प्रश्न त्या कर्त्या पुरुषाला विचारत नसत. म्हाताऱ्याबरोबर जीपभर माणसे येत, बोले मात्र पुढे उभा असलेला मोठा मुलगा किंवा एखादा ग्रामपंचायतीचा सदस्य. म्हाताऱ्याला ताट वाढणारी, त्याचे धोतर धुणारी सून सर्वांच्या मागे, डोक्यावरचा पदर दातात धरून. थोरांसमोर ती बोलणार नाही. बाईंचा उपाय ठरलेला होता. "पुरुष मंडळींनी समोर चहा घेऊन या," त्या फर्मावत. "रिकाम्यापोटी काळजी करू नये." समोरचा चहावाला त्यांना उगीच नमस्कार करत नसे.

बाई रागीट होत्या, हे मी कौतुकाने लिहिते. त्यांच्या रागाला एक नेमके लक्ष्य होते: केसपेपरवरचा 'वयोमानानुसार' हा शब्द. धाप लागली, वयोमानानुसार. शुद्ध हरपली, वयोमानानुसार. एकदा एका सहकाऱ्याने हा शब्द लिहिलेला कागद त्यांनी सर्वांसमोर त्याच्या हातात परत दिला. "वयाला ताप येत नाही, डॉक्टर. माणसाला येतो. या बाईंना ताप का आला ते शोधा. सापडलं नाही तर 'सापडलं नाही' असं लिहा. ते लिहायला लाज वाटते म्हणून वयाच्या माथी मारू नका." मला त्या वेळी वाटले होते, की एका शब्दावर इतका राग बरा नव्हे. आता मला तो अपुरा वाटतो.

त्या म्हाताऱ्यांना कसेही करून जगवायच्या मागे असत, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. दौंडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, त्यांना सगळे आप्पा म्हणत, एका सकाळी आमच्याकडे आणले गेले. बाईंच्या वडिलांचे स्नेही. टाचा लोण्यासारख्या मऊ, पाठीवर झोपून पडलेल्या जखमा, वर्षभर माणसांची ओळख नाही. मुलगे म्हणत होते, पुण्याला न्या, मशीनवर ठेवा, काय वाटेल ते करा. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "आप्पांना घरी न्या. वेदना होणार नाहीत एवढं औषध मी देते. आणखी एकही सुई टोचू देणार नाही." धाकटा मुलगा अंगावर धावून गेला. "तुमच्या बापाला असं सोडलं असतं का, बाई?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सोडलं होतं. आप्पाच होते तेव्हा शेजारी. त्यांना आठवत असतं तर त्यांनाच विचारा म्हटलं असतं." मग माझ्याकडे वळून, तो निघून गेल्यावर: "म्हाताऱ्याला लवकर सोडून देणं आणि म्हाताऱ्याला सुटूच न देणं, दोन्हीत आळस एकच. बघायचा आळस."

कोंडाबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय बाईंची सांगता येत नाही. पाबळकडच्या एका वस्तीवरचे धनगराचे घर. मेंढरे केव्हाच विकली गेली होती, विहीर झाली होती, थोरला मुलगा नामदेव कारखान्यात लागला होता. त्याने आईला जीपमधून अक्षरशः कडेवर घेऊन आणले. नवे कोरे लुगडे, विंचरलेले पांढरे केस, ताप, जोरात चाललेला श्वास, आणि शुद्ध नाही. खिडकीतल्या कारकुनाने केसांकडे पाहून वय टाकले ऐंशी.

"आई घरी काय करते?" बाईंनी विचारले.

"काय बी न्हाई, म्याडम." नामदेवची छाती फुगली. "आमी तिला काडी उचलू देत न्हाई. जाग्यावर च्या, जाग्यावर जेवान. बसूनच असती."

"चालते का?"

"कशाला चालंल? मी कंपनीत परमनंट हाय!"

हे बोलणे फेरीवर आलेल्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी, ऐकले. "अंथरुणाला खिळलेली केस आहे," ते मला म्हणाले, "जमेल तेवढं इथं करा आणि नातेवाइकांना कल्पना द्या." एवढे सांगून ते आपल्या खोलीत गेले. त्यांचा निर्णय झालाही होता. त्याला लागलेला वेळ एका वाक्यापुरता होता.

बाईंनी तोवर टाच हातात घेतली होती. भेगा काळ्याभोर. अंगठ्याखाली मोडलेला काटा, भोवती ताजी लाली. "नामदेवराव, हा बाभळीचा काटा खाटेवर उगवला का?" नामदेव चपलेकडे पाहू लागला. "जा, चहा घेऊन या सगळे."

मागे राहिली ती त्याची बायको शालन. बाईंनी तिला जवळ बसवले. "मागच्या बाजाराला आजी कुठं होत्या?"

"ह्यांनी सांगू नको म्हनलंय."

"हे चहाला गेलेत."

शालनने दाराकडे पाहिले आणि एका दमात बोलली, "चालत गेलत्या की बाजारला. शेरडं घिऊन. एक इकलं बी. येताना पिशवी त्यांच्याच डोक्याव. मी मागितली तर म्हनल्या, तुला झेपायची न्हाई, हो बाजूला. रोज शेरडामागं असत्यात, बाई, माळावर. पर ह्यांना लाज वाटती. लोक म्हनत्यात, पोरगा कंपनीत आन् म्हातारी शेरडं वळती. म्हनून समद्यास्नी सांगत्यात, आमी तिला बसवून खायला घालतो."

तो मुलगा वाईट नव्हता, आणि हेच मला आजही संतापजनक वाटते. आईला काम पडू देत नाही, ही आमच्याकडे मुलाने मिरवायची सर्वांत मोठी गोष्ट. ते सांगताना आपण डॉक्टरच्या हातात आईच्या मरणाचे कारण देतो आहोत, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. ती कल्पना डॉक्टरला असायला हवी होती.

न्यूमोनिया होता. पहिली औषधे आम्ही दिली, पण तिला पुण्याला हलवणे आवश्यक होते आणि दवाखान्याची गाडी एकच होती. मी बाईंबरोबर साहेबांच्या खोलीत गेले.

"ऐंशीची बाई," साहेब म्हणाले. "मुलगा स्वतः सांगतोय, अंथरुणावर आहे. हायवेवर कधीही अपघात होईल. तेव्हा गाडी कुठून आणू?"

"मुलगा अब्रू सांगतोय, साहेब. मी तब्येत सांगतेय."

"तुम्ही पाय बघून सांगताय."

"तुम्ही काय बघून सांगताय? तुम्ही तर तिला बघितलंसुद्धा नाही. ज्या अपघाताचा ट्रक अजून नगरहून सुटला नाही, त्याच्यासाठी तुम्ही समोरचं माणूस थांबवताय."

साहेब काही बोलायच्या आत त्या बाहेर पडल्या. कोंडाबाईंना गाडीत चढवले, स्वतः त्यांच्या पायाशी बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "मामा, चला. साहेबांना उतरवायचं असलं तर हाताला धरून मलाच उतरवतील." कोणी उतरवले नाही. त्या दुपारी हमरस्त्यावर काही घडले नाही. घडले असते तर बाई चुकल्या असे ठरवायला सगळे टपून होते. मला तसे वाटले नसते. निर्णय त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर तोलायचा असतो, आणि त्या इमारतीत माहिती गोळा करण्याचे कष्ट एकाच व्यक्तीने घेतले होते.

कोंडाबाई वाचल्या. काही आठवड्यांनी त्या आपल्या पायांनी आमच्या विभागात आल्या, मागे नामदेव. आम्हाला वाटले, आभार मानायला. त्यांनी बाईंना दारातच गाठले.

"व्हय गं बाई, पाय बघायचं तर बघायचं, पर गावभर कशाला केलं, मी शेरडं राखती म्हनून? माझ्या ल्येकाला कंपनीत समदी चिडवत्यात!"

"मग मरायचं होतं का, आजी?"

"अब्रूनं मेले असते!"

"पुढच्या खेपेला अब्रू घरी ठेवून या," बाई म्हणाल्या. "इथं जागा नाही तिला."

म्हातारी आधी डोळे वटारून पाहत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खोकला लागला. बाईंनी लगेच तिच्या पाठीला कान लावला. निघताना नामदेव म्हणाला, "आये, पिशवी दी की माझ्याकडं." "हो बाजूला," कोंडाबाई म्हणाल्या, आणि पिशवी डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.

पुढच्या वर्षी विश्वस्तांनी बाईंना मुदतवाढ दिली नाही. कारण 'वयोमर्यादा' हे दिले होते. ते वाचून बाई एवढेच म्हणाल्या, "बघा, माझ्याही माथी तेच मारलं." मला त्याच सुमारास पदव्युत्तर प्रवेश मिळाला. मला सोडायला त्या थांब्यावर आल्या होत्या, तेव्हा पेढ्यांच्या पुड्याबरोबर त्यांनी मला एक वाक्य दिले: "मोठ्या दवाखान्यात यंत्रं पुष्कळ असतील, डॉक्टर. पण पाय बघायला वाकावं लागतं. हुशार माणसांच्या कंबरा लवकर आखडतात."

मी वाकत राहिले. पुण्यात तातडीच्या विभागात काम करू लागल्यावर माझे विद्यार्थी आपसांत हसत, तरी मी त्यांना चादर वर करायला लावत असे. शहरात बाजार आठवड्याचा नसतो, म्हणून मी विचारायची, "मागच्या रविवारी भाजी कोणी आणली?" बाई दौंडला भाचा सुधीर याच्या कुटुंबात राहत होत्या. त्यांचा फोन येई. माझ्या पदोन्नतीत त्यांना रस नसे. "या आठवड्यात कोणाला वयाच्या माथी मारलं?" असे त्या विचारत, आणि मग मागच्या अंगणातल्या वांग्यांविषयी पुष्कळ वेळ बोलत. त्या स्वतः वाफे करत, खुरपत, पाणी देत. वांगी शेजाऱ्यांना सक्तीने वाटत.

एका उन्हाळ्यात सुधीरचा फोन आला. बाईंना अचानक थंडीताप भरला होता, त्या असंबद्ध बोलू लागल्या होत्या, मग बोलेनाशा झाल्या. त्याने त्यांना उचलून जवळच्या दवाखान्यात नेले. कोणत्या, ते मी इथे लिहीत नाही. तो दवाखाना कोणताही असू शकला असता. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, आजी घरी काय करतात? सुधीरने सांगितले, "काही नाही. मावशीला आम्ही काही करू देत नाही." डॉक्टरने मान डोलावली. वयोमानानुसार चालायचेच, म्हणाला. घरी न्या, सेवा करा. सुधीरने घरी नेले, सेवा केली, आणि सगळे संपल्यावर मला कळवले. त्याने वर्णन केले त्यावरून मी सांगू शकते, की तो बहुधा लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग होता. त्यावर औषध आहे. ते दौंडला मिळते.

मी पोहोचले तेव्हा बाईंना अंघोळ घालून, नवी साडी नेसवून ओसरीत ठेवले होते. सुधीर माझ्याजवळ येऊन रडू लागला. "ताई, मी कसं सांगणार होतो त्या डॉक्टरला? एवढी मोठी डॉक्टर माझी मावशी, आणि भाचा तिच्याकडून वाफे खुरपून घेतो, असं? लोक काय म्हणाले असते?" मला त्याच्यावर ओरडायचे होते. ओरडता आले नाही. प्रेमाने सांगितलेले खोटे घरच्या माणसाकडून येणारच. ते ओळखण्यासाठीच आम्हाला शिकवलेले असते.

रेल्वे वसाहतीतली माणसे ओळीने येत होती. प्रत्येक जण वाकत होता, बाईंच्या पायांना हात लावून तो कपाळाला नेत होता आणि पुढे सरकत होता. मी ओळीतून पुढे गेले आणि पायथ्याशी बसले. साडीची किनार वर सारली आणि टाच हातात घेतली. अंगठा फिरवला. भेगा काळ्याभोर होत्या. अंघोळीने माती निघाली नव्हती.

"ताई, काय बघताय?" सुधीरने हळूच विचारले.

मी टाच हातातून सोडली नाही. "ते डॉक्टर," मी म्हणाले, "उद्या ड्यूटीवर किती वाजता येतात?"